ऑनची स्कूटर

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर पार्किंगमध्ये एक अनोळखी माणूस बाबांच्या स्कूटरवरचं कव्हर अर्धं उचलून वाकून बघत होता. चोर असावा असं आधी वाटलं, पण शर्ट इस्त्रीचा होता आणि हातात विजेरी होती. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "सर, चेतक ना? पंचाहत्तर-शहात्तरची दिसतेय."

पंचाहत्तरचीच आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? गेली वीस वर्षं सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये 'ते भंगार हलवा' असा ठराव येतो आणि हा माणूस चक्क तिचं साल ओळखतोय. मग त्याने एक आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही, बाबा हे वाचतात. एवढंच सांगतो, की माझ्या पहिल्या नोकरीचा तीन महिन्यांचा पगार त्यापेक्षा कमी होता.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याने किक मारून बघू का म्हणून विचारलं नाही. इंजिन जाम आहे का, पत्रा खालून सडलाय का, काही नाही. त्याचा प्रश्न एकच: "पेपर क्लिअर आहेत ना?"

काळेवाडीत गुंठेवारीच्या घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. तरी मी गप्प झालो. कारण पेपर क्लिअर नाहीत. स्कूटर आमच्याकडे पन्नास वर्षं आहे, पण आरसी बुकावर बाबांचं नावच नाही.

हे असं का, ते शोधताना माझे तीन वीकेंड गेले. त्याचीच ही कहाणी. पण सुरुवात जरा लांबून, अमेरिकेतून करतो.

मला जुन्या गाड्यांचे लिलाव बघायचं व्यसन आहे. रात्री रिलीज चालू असताना एका स्क्रीनवर लॉग आणि दुसऱ्यावर मेकम नाहीतर बॅरेट-जॅक्सनचा लिलाव. तिथला लिलाववाला गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या आडत्यासारखाच न थांबता बोलतो, फक्त कांद्याच्या जागी मसल कार असते. मसल कार म्हणजे काय, तर मधल्या आकाराच्या साध्या गाडीत अवाढव्य इंजिन कोंबायचं आणि किंमत विशीतल्या पोराला परवडेल एवढी ठेवायची. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही साधारण सुरुवात मानतात. त्याच वर्षी मस्टँग आली (ती मुळात मसल कार नाही असं म्हणणारे कट्टर लोक आहेत, त्यांच्याशी वाद घालू नये), मग चार्जर, मग प्लिमथची कूडा. हेमी नावाचं इंजिन सात लिटरचं होतं. आपल्या वॅगन-आरचं एक लिटर, म्हणजे बघा. आठ-दहा वर्षांत सगळा खेळ आटोपला. विम्याचे हप्ते वाढले, प्रदूषणाचे कायदे आले आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलंसुरलं संपवलं.

त्यानंतर या गाड्यांना कुत्रं विचारत नव्हतं. कॉलेजच्या पोरांनी त्या मिळेल त्या भावात घेतल्या, शर्यती लावल्या, ठोकल्या, गंजू दिल्या. पुढे तीच पिढी पन्नाशीला आली, हातात पैसा आला आणि तारुण्यात जी गाडी फक्त शेजाऱ्याच्या दारात पाहिली होती ती हवीशी झाली. पण तोवर गाड्या उरल्या होत्या किती? १९७१ साली हेमी इंजिनाच्या, टप उघडणाऱ्या कूडा डझनाच्या आतबाहेरच बनल्या होत्या. त्यांतली एक २०१४ साली पस्तीस लाख डॉलरला गेली.

आता यात मेख आहे. त्याच सालची साधी कूडा घ्या, कुठूनतरी हेमी इंजिन आणा, बसवा, रंग द्या. बघणाऱ्याला फरक कळणार नाही आणि चालवणाऱ्यालाही नाही. पण किंमत कुठल्या कुठे घसरते. म्हणून तिथे सगळा जोर 'मॅचिंग नंबर्स'वर असतो. इंजिनावर ठोकलेला आकडा आणि चासीचा आकडा एकमेकांशी जुळला पाहिजे. कारखान्यात गाडी बनताना कामगारांसाठी एक छापील कागद निघायचा, ब्रॉडकास्ट शीट, त्यात कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स हे लिहिलेलं असायचं. काम झालं की कोणीतरी तो सीटच्या स्प्रिंगमध्ये खुपसून द्यायचा. आज असा एखादा मळका, उंदरांनी कुरतडलेला कागद सापडला तर मालक नाचतो. फोर्डच्या उत्पादनाचा जुना डेटाबेस एका माणसाने अधिकृतपणे मिळवलाय आणि तो चासी नंबरवरून तुमच्या गाडीचा दाखला काढून देतो. त्याला मार्टी रिपोर्ट म्हणतात. आम्ही इथे आयुष्यभर डेटाबेस सांभाळतो आणि हा पठ्ठ्या एका जुन्या टेबलवर सिलेक्ट मारून पोट भरतो.

सगळ्यात आवडता किस्सा 'बुलिट' सिनेमातल्या मस्टँगचा. १९६८ चा स्टीव्ह मॅक्वीनचा सिनेमा, त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो प्रसिद्ध पाठलाग. ती हिरवी गाडी १९७४ साली एका माणसाने मासिकातली छोटी जाहिरात वाचून सहा हजार डॉलरला घेतली. त्याची बायको शिक्षिका होती. ती रोज त्या गाडीतून शाळेत जायची! काही वर्षांनी क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. मधे १९७७ साली खुद्द मॅक्वीनने गाडी परत विकत मागणारं पत्र पाठवलं होतं, त्याला यांनी दाद दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात त्या गाडीला चौतीस लाख डॉलरची बोली लागली, फी वेगळी. तेव्हाच्या दराने सुमारे चोवीस कोटी रुपये. पोचे, खरवडलेला रंग, सगळं तसंच ठेवलेलं. पॉलिश मारलं असतं तर उलट भाव कमी झाला असता. आणि सोबत मॅक्वीनचं ते पत्र. ही तीच गाडी, याचा पुरावा देणारी कागदपत्रं नसती तर ती एक गंजकी मस्टँग होती.

आता आपल्याकडे या.

जुन्या गाडीला नव्यापेक्षा जास्त भाव, ही अमेरिकेला नवलाची गोष्ट असेल. आपल्याकडे १९६० ते ८० या काळात तो रोजचा व्यवहार होता. तिथे गाडीने त्यासाठी चाळीस वर्षं वाट पाहिली, आपल्याकडे गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की पाच मिनिटांत तिची किंमत वाढायची. त्या वाढीव किमतीला लोक 'ऑन' म्हणायचे. "अमक्याने फियाट ऑनने घेतली", "चेतकला किती ऑन चाललाय?" हे शब्द आईबाबांच्या पिढीतल्या कुणालाही विचारा.

याची मुळं जरा मागे आहेत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्यांची जुळणी करत होती. फोर्डही होतीच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डीसोटो जुळवायला सुरुवात केली. हो, प्लिमथ! ज्या नावाची कूडा आज कोटींत जाते, त्या नावाच्या गाड्या एकेकाळी कुर्ल्याला बनत होत्या. (वालचंद मूळचे सोलापूरचे, हे आमच्या सोलापुरी रूममेटने मला इतक्या वेळा ऐकवलंय की इथे लिहिणं भाग आहे.) मग १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं, की नुसती जुळणी चालणार नाही, सुटे भाग इथेच बनवायचा कार्यक्रम असेल त्यानेच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. पुढची तीस वर्षं आपल्या रस्त्यावर मुख्यतः तीनच गाड्या: अ‍ॅम्बॅसडर, फियाट, स्टँडर्ड.

मोठी अमेरिकन गाडी हवीच असेल तर वाट एका सरकारी दारातून जायची. परदेशी वकिलातींतले अधिकारी बिनजकातीच्या गाड्या आणायचे. त्यांची इथली मुदत संपली की ती गाडी १९५६ साली स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे जायची आणि तिथून टेंडर किंवा लिलावाने विकली जायची. नट-नट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दारातल्या बऱ्याच इम्पाला अशाच आल्या. म्हणजे आपल्याकडचा 'इम्पोर्टेड कार ऑक्शन' खुद्द सरकार चालवत होतं! तिथे बोली लावणाऱ्याला मॅचिंग नंबर्सची फिकीर नव्हती. त्याला गाडीसोबत कायदेशीर मालकीचा कागद मिळायचा आणि देशात ती गाडी मिळवायचे मार्गच मोजके होते. पैसे त्याचे होते.

बाकीच्यांसाठी रांग. मोटारींच्या वाटपावर १९५९ साली आणि स्कूटरच्या वाटपावर १९६० साली नियंत्रणाचे आदेश निघाले. अर्ज करायचा, पोस्टात खातं उघडून ठरलेली रक्कम विक्रेत्याच्या नावे अडकवून ठेवायची, नंबर घ्यायचा आणि वाट बघायची. मिळालेली गाडी काही काळ विकायची नाही. सरकारी कोटा वेगळा. परदेशातल्या भावाने डॉलर पाठवले तर नंबर लवकर. मोटारींच्या कारखान्यातल्या किमतीही सरकार ठरवायचं. ती किंमत परवडत नाही म्हणून प्रीमियर सुप्रीम कोर्टात गेली, त्याचा निकाल १९७१ चा. कंपनीने किती नफा घ्यावा यावर देशातलं सर्वोच्च कोर्ट हिशोब करत बसलं होतं. पण गाडी एकदा गिऱ्हाइकाच्या हातात पडली की तिला किती ऑन मिळतो ते बाजार ठरवायचा, आणि तो वरचा पैसा ना कारखान्याला मिळायचा, ना कामगाराला, ना सरकारला.

आणि हे सगळं आमच्या दारात घडत होतं, हे मला चाळिशी आल्यावर कळतंय. काळेवाडीतून पूल ओलांडून पिंपरी आणि पुढे हायवेने आकुर्डी, सगळा मिळून काही किलोमीटरचा रस्ता. बजाज ऑटोला स्कूटर बनवायचं लायसन्स १९५९ साली मिळालं आणि पियाजियोशी करार करून वेस्पा इथे बनू लागली. १९७१ ला करार संपला, तो पुढे वाढवायला सरकारने परवानगी दिली नाही. १९७२ ला त्याच धर्तीवर स्वतःच्या नावाची गाडी आली, राणाप्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन.

आकडे बघा. बजाजचं एक लाखावं वाहन बाहेर पडलं १९७० साली, म्हणजे पहिल्या लाखाला दहाएक वर्षं लागली. एका वर्षात एक लाख वाहनं व्हायला १९७७ उजाडलं. १९८६-८७ मध्ये वर्षाला पाच लाख. कारखाना तिथेच होता, माणसं तिथेच होती. पण किती बनवायचं ते लायसन्सवर लिहिलेलं असायचं आणि त्याहून जास्त बनवणं हा गुन्हा होता. आजच्या भाषेत, सर्व्हरची कपॅसिटी आहे, रिक्वेस्टची रांग लागलीय आणि रेट लिमिट दिल्लीतला कुणीतरी सेट करतोय. चेतकसाठी दहा-दहा वर्षांची रांग लागायची. लग्नाच्या याद्यांत स्कूटर लिहिली जायची आणि लग्न होऊन पोर बालवाडीत गेल्यावर ती यायची. आता हसू येतं, पण अशा स्कूटरवरून किती सुनांना बोलणी खावी लागली असतील!

तर, बाबांची स्कूटर.

बाबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे. चिंचवडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टर्नर म्हणून नुकतेच पर्मनंट झालेले. सेकंड शिफ्ट सुटायची मध्यरात्रीच्या सुमाराला, बस नाही, सायकलवर घरी. नंबर त्यांनीही लावला होता, पण तो ऐंशी सालाच्या आत लागायची चिन्हं नव्हती. मग ओळखीतून कळलं, की चिंचवडगावातल्या एका शाळामास्तरांचा नंबर लागलाय आणि त्यांना स्कूटर नकोय. पुस्तकी किंमत आणि वर अठराशे रुपये ऑन. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं, आजीची एक पाटली गेली. गाडी लगेच नावावर करता येत नव्हती, म्हणून मास्तरांनी ट्रान्सफरच्या फॉर्मांवर आगाऊ सह्या करून दिल्या. मुदत संपली की फॉर्म भरायचे, असं ठरलं.

ते राहून गेलं. मी विचारलं, "बाबा, पन्नास वर्षं?" तर म्हणाले, "अरे, कोण अडवत होतं? टॅक्स भरत होतो, इन्शुरन्स भरत होतो. मास्तर तर माहितीतलेच." सह्या केलेले ते फॉर्म १९९७ च्या पावसात ट्रंकेत पाणी शिरून लगदा झाले. मास्तर त्याआधीच गेले होते. २००५ पर्यंत बाबांनी स्कूटर चालवली. मी तिच्यावर पुढे उभा राहून बालवाडीत गेलोय, गिअर बदलताना त्यांचा डावा हात माझ्या कानाला लागायचा. आणि सकाळी चालू होत नसली की तिला डाव्या अंगाला तिरपी करून मग किक मारायची, ते शास्त्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पाळलं गेलं असेल.

मास्तर गेले, फॉर्म गेले, रांगही गेली. १९८३ साली मारुतीच्या बुकिंगला लोक तुटून पडले आणि तिच्यावरही ऑन चालला, पण ते शेवटचं मोठं ऑनपर्व. परदेशी कंपन्यांशी करार होऊ लागले, १९८५ ला बजाजचा वाळूजचा कारखाना झाला आणि हळूहळू शोरूमवालाच गिऱ्हाइकाला फोन करू लागला. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा नवा कारखाना आला तो मोटारसायकलींसाठी. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटर पूर्ण बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या गाडीसाठी लोक दहा वर्षं थांबले, तिला आता कोणी फुकट नेईना.

या काळात बहुतेक चेतक गेल्या कुठे, याचं उत्तर आमच्याकडे सोपं आहे: कुदळवाडी. चिखलीजवळचा तो मैलभर पसरलेला भंगारबाजार. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो शेड पाडली, पण त्याआधी तीनेक दशकं पिंपरी-चिंचवडमध्ये जे काही बनलं आणि थकलं ते तिथेच किलोवर जात होतं. कॉलेजात असताना मित्राबरोबर एकदा गिअरबॉक्स शोधायला गेलो होतो. एका शेडमध्ये चेतकच्या बॉड्या एकावर एक रचलेल्या, पाटावर पाट ठेवावेत तशा. शेडवाल्याने सांगितलेला हिशोब अजून लक्षात आहे: "बुक आहे तर गाडी, बुक नाही तर पत्रा." तीच बॉडी, तेच इंजिन. आरसी बुक सोबत असलं तर ती नगावर विकली जायची, नसलं तर काट्यावर.

आता गंमत बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चासी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी असेल, मग ती दुचाकी का असेना, तिला विंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीची फी वीस हजार, त्यांना नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या कामाला मात्र ती वापरायची नाही. कागदपत्रांच्या यादीत भारतातल्या गाडीसाठी एक ओळ आहे: जुनं आरसी. उलट नुसतीच जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची, तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, २०१० पासून राज्याचा पर्यावरण कर, २०२२ ला फी वाढली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ती पुन्हा दुप्पट झाली. म्हणजे एकोणपन्नास वर्षांपर्यंत गाडी गुन्हेगार आणि पन्नासाव्या वाढदिवसाला वारसा!

बाजाराने हे ओळखलंय. मुंबईच्या अस्तागुरू लिलावसंस्थेने २०२० पासून विंटेज गाड्या ऑनलाइन लिलावाला काढल्या. त्या संस्थानिकांच्या आणि शेठांच्या गाड्या, आपला तिथे काय संबंध? पण खालच्या मजल्यावर स्कूटरचा बाजारही गरम झालाय. १९७१ आधीच्या, पियाजियो करारातल्या बजाजना जास्त मान, मग सुरुवातीच्या चेतक. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी जा, मूळचा हेडलाइटचा रिंग मागून बघा, भाव ऐकून तुम्ही परत ठेवाल. जानेवारी २०२० मध्ये बजाजने चेतक हेच नाव इलेक्ट्रिक स्कूटरला दिलं आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना उघडला. तेव्हापासून जुनीचं कौतुक आणखी वाढलं असं तो विजेरीवाला म्हणत होता. आणि २०२५ पासून पन्नास वर्षांपुढच्या परदेशी गाड्या लायसन्सशिवाय आयात करता येतात, त्यामुळे तत्त्वतः १९७१ ची कूडासुद्धा काळेवाडी फाट्यावर सिग्नलला उभी राहू शकते. खड्ड्यांचं ती काय करेल ते जाऊ दे.

तर आमची स्कूटर ऑक्टोबर २०२५ मध्ये पन्नास वर्षांची झाली. मूळ इंजिन, मूळ चासी, मूळ नंबर. अमेरिकेच्या भाषेत मॅचिंग नंबर्स. फक्त कागदावरचा माणूस जुळत नाही. ऑनलाइन शोधलं तर नंबर सापडेना, जुन्या नोंदी संगणकात मुळात चढलेल्याच नसतात, त्याला 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. आमच्याही कामात बॅकलॉग असतो, पण पन्नास वर्षांचा नसतो. एका एजंटाने सांगितलं, "सोपंय. मूळ मालकाचा वारस आणा. आधी गाडी त्याच्या नावावर, मग तुमच्या."

दुसऱ्या शनिवारी मी चिंचवडगावात मास्तरांचं घर शोधायला गेलो. वाड्याच्या जागी बिल्डिंग उभी, पण त्यांचे धाकटे चिरंजीव तिथेच राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. मी सगळं सांगितलं. मनात धाकधूक होती, कारण कायद्याने बघितलं तर स्कूटर त्यांचीच आहे. पन्नास वर्षं आम्ही दुसऱ्याच्या गाडीवर फिरतोय आणि आता तिला भाव आलाय. ते "माझा वाटा किती?" म्हणाले असते तर मी काय उत्तर देणार होतो?

त्यांनी वेगळंच विचारलं. "म्हणजे नंबर लागला होता?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. ते तेव्हा सातवी-आठवीत. घरी स्कूटरचा नंबर लावलाय हे सगळ्या भावंडांना माहीत. दिवाळी आली की अण्णांना विचारायचे, या वर्षी येणार का? पुढे कोण बसणार यावरून मारामाऱ्या झालेल्या. १९७५ च्या दिवाळीत विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, नंबर लागला नाही, आता ते बंदच झालंय. पुन्हा विषय नाही. त्यानंतरच्या मे महिन्यात मोठ्या बहिणीचं लग्न झालं.

उठून त्यांनी कपाटातून मास्तरांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. १९७५ ची सापडली. ऑक्टोबरच्या पानावर जमेच्या बाजूला 'स्कू. १८००' एवढंच, शाईच्या पेनने, आणि त्याच्या समोर खर्चाला काही नाही. कारखान्याला गेलेली रक्कम बाबांनी परस्पर भरली होती, ती वहीत आलीच नाही. चिरंजीव बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, "सही करतो मी. भावाची नि ताईचीही आणून देतो. पण एकदा गाडी बघायला येऊ का?"

गेल्या रविवारी आले. बाबा सकाळपासून तयार होऊन बसलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खाली उतरल्यावर दोघांनी नमस्कार केला आणि मग कोणी काही बोलेना. चिरंजीवांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला, पुढच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, जिथे मी उभा राहायचो.

"अण्णांनी कधी चालवली होती का हो ही?"

"नाही," बाबा म्हणाले. "शोरूममधून मीच आणली. ते मागे बसले होते. तुमच्या गल्लीच्या अलीकडे कोपऱ्यावर उतरले. म्हणाले, इथून जातो मी चालत."

नंतर चहा झाला, सह्या झाल्या. अर्जासाठी चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो, म्हणून मी इंजिनाकडच्या बाजूचं झाकण काढून पातळ कागद लावला आणि पेन्सिल फिरवायला लागलो. पहिले आकडे छान उमटले. मधला एक गंजाखाली दबलाय, तो काही केल्या येईना. मी सॅन्डपेपर घ्यायला उठलो तर बाबांनी हात धरला, म्हणाले जास्त घासू नकोस, ठोक्याची खोली कमी असते, आकडाच जाईल. त्यांनी चिंधीवर थोडं रॉकेल घेतलं आणि त्या जागी दाबून धरलं. चिरंजीव विजेरी धरून शेजारी उकिडवे बसले.

विजेरीवाल्या माणसाचे दोन फोन येऊन गेले आहेत. ठसा आज संध्याकाळी पुन्हा घेऊन बघणार आहे.